दंड आहे तेवढाच आहे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. जिमच्या आरशासमोरचा तुझा फोटो मिळाला, खालची तक्रारही वाचली. ‘काका, दोन महिन्यांत वजन दुप्पट उचलायला लागलो, पण दंड आहे तेवढाच.’ चष्मा लावून दोनदा पाहिलं. आहे खरा तेवढाच. पण त्यात काही बिघडलेलं नाही.

सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत वाढते ती ताकद बरीचशी मज्जातंतूंची. रथाच्या दोराला पन्नास माणसं लागलेली असतात आणि खरं ओढणारी वीसच, तसं तुझ्या स्नायूचं होतं. आता मेंदू बाकीच्यांनाही जोर लावायला शिकवतोय. दोर जाड व्हायला वेळ लागतो. स्नायूतल्या तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, आहे तो एकेक तंतू जाड होतो, आणि ते काम महिन्यांच्या हिशेबानं चालतं. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव ५७ किलो गटात लढले होते. तुझं वजन ५८. तेव्हा घेरावरून ताकद मोजू नकोस.

घाईचं फळ मी चाखलंय. कोल्हापुरात शिकायला होतो, तालमीत नवा होतो. पैजेवर एका सकाळी हजार बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी जिना उलटा, बसत बसत उतरलो. तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. वस्तादांनी शिव्या घालत दवाखान्यात नेलं. फाटलेल्या स्नायूतला माल रक्तात उतरला की मूत्रपिंडं धोक्यात येतात, हे मला तिथे कळलं. साधं अंग दुखणं वेगळं, ते दोन-तीन दिवसांत जातं. असा रंग दिसला तर मात्र मला फोन करत बसू नकोस, थेट डॉक्टर गाठ.

आता तुझ्या व्हिडिओबद्दल. डंबेल वर नेतोस झोकात, आणि खाली सोडतोस बादली विहिरीत सोडावी तसं. उतरतानाही स्नायू काम करतो, ते फुकट घालवतोस. दोन-तीन सेकंद घेऊन उतरव. शेवटी एक-दोनच रेप, म्हणजे वर-खाली फेऱ्या, शिल्लक असाव्यात एवढं वजन घे, आणि दहा पानी का होईना, वही ठेव. गेल्या खेपेला आठ झाल्या तर आज नऊ. बारा जमल्या की वजन थोडं वाढव. एकच स्नायू रोज कुटू नकोस, मध्ये दोन दिवस जाऊ देत. भरणं होतं ते त्या दोन दिवसांत आणि रात्रीच्या झोपेत, आणि तू तर दोन वाजेपर्यंत मोबाईलवर.

प्रोटीन पावडर कुठली घेऊ, असं विचारलंस. आई चक्का टांगायची तेव्हा पंच्यातून गळणारं पिवळट पाणी कणीक मळायला वापरायची, आठवतं? त्या पावडरीतलं व्हे म्हणजे त्याच जातीचं पाणी, चीज करताना सुटलेलं, गाळून वाळवलेलं. वाईट नाही, पण त्यात जादूही नाही. तुला दिवसाला साधारण ९० ग्रॅम प्रथिनं पुरतील. दोन अंड्यांची १२, अर्धा लिटर दुधाची १६, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची २५, मूठभर फुटाण्यांची दहाएक. उरलेली मेसच्या डाळी-उसळीतून आणि पोळ्यांतून निघतात. मेसवाल्याला उसळ दोनदा माग, लाजू नकोस. एवढं करूनही कमी पडलं तर पावडरचा डबा घे.

तिथला कुणी ‘एक सायकल मार, तीन महिन्यांत फरक’ म्हणत स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा कोर्स पुढे करेल. करतोच कुणीतरी. बाहेरून हार्मोन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, वृषणं आक्रसतात, हृदयाची भिंत जाड होते. त्या माणसाशी नमस्कारापुरताच संबंध ठेव.

टेपनं मोजायचं तर महिन्यातून एकदा, सकाळी, व्यायामाआधी. व्यायामानंतर रक्त भरून दंड फुगतो, तो मोजून स्वतःला फसवशील. शिवाय दंडाचा मोठा भाग मागचा, ट्रायसेपचा. तू मात्र पुढच्याच बेटकुळीमागे लागलायस. जोर मार, सावकाश.

आणि हो, पुढचा फोटो कमरेखालचा पाठव. तीन फोटो आले, एकातही पाय नाहीत. बैठका मारतोयस की नाही, ते मला पाहायचंय.

तुझा,
काका