क्षणभंगुर की क्षणभंगूर? आणि त्यात लपलेला सण

ताई, सोपं आधी उरकते. 'भंगुर'च बरोबर, गु ऱ्हस्व. मजूर, वकील, फूल असल्या मराठी शब्दांत शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार आपण दीर्घ लिहितो, पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर तो नियम लागत नाही, म्हणून मधुर, चतुर, मंदिर. म्हणजे तुमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत फळ्यावर 'आयुष्य क्षणभंगुर आहे' असं ज्यांनी लिहिलं ते बरोबर होते आणि ज्यांनी पिवळ्या खडूने गु चा गू करून ठेवला ते चूक. (श्रद्धांजलीचा फळा सुधारायला खडू शोधणारी माणसं आमच्याकडेपण आहेत, मी त्यातलीच एक.)

आता तुमचा खरा प्रश्न. सी विंगमधले ते चाळिशीतले गृहस्थ शनिवारी सकाळी उपवनला चालायला गेले ते परत आलेच नाहीत, आणि तेव्हापासून हा शब्द वाचला की काही करावंसंच वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तर हा शब्द नक्की सांगतो काय?

भंगुर हा भञ्ज् धातूपासून झालाय, मोडणे. अभंगातला भंग तोच. पण फुटलेल्या वस्तूला भंगुर म्हणत नाहीत, ती भग्न. भंगुर म्हणजे जिचा स्वभावच फुटायचा आहे, पण अजून फुटलेली नाही अशी. संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं यावर चक्क एक सूत्र आहे, त्याच्या अष्टाध्यायी या ग्रंथात 3.2.161, तिथे भञ्ज्, भास् आणि मिद् अशा तीनच धातूंना तो एक प्रत्यय सांगितलाय, त्यातून भंगुर, भासुर आणि मेदुर होतात. भासुर म्हणजे लखलखणारा, मेदुर म्हणजे स्निग्ध, तुकतुकीत. म्हणजे फुटणारं आणि लखलखणारं हे व्याकरणात सख्खे शेजारी, एकाच ओळीत! पाणिनीने हे काही तत्त्वज्ञान म्हणून लिहिलं नसणार, त्याला प्रत्यय सांगायचा होता, पण काचेचा ग्लास हातात घेतला की मला ते सूत्र आठवतंच.

आणि मला जास्त आवडतो तो 'क्षण'. संस्कृतात त्याचा अर्थ फक्त वेळेचा तुकडा नाही. अमरकोश या संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात उत्सवाचे जे पर्याय दिलेत त्यात क्षण आहे. पुढे प्राकृतात या दोन अर्थांची दोन रूपं झाली, वेळेचा तो खण आणि उत्सवाचा तो छण. 12 व्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात उत्सव अर्थ असेल तर छ करा असं मुद्दाम सांगून ठेवलंय. आता मराठीची खोड तुम्हाला माहितीये, प्राकृतातला छ आपल्याकडे बऱ्याचदा स होतो. हिंदीवाल्यांची छुरी ती आपली सुरी, मच्छ तो आपला मासा. तसा छण चा झाला सण! आपला दिवाळीचा, पाडव्याचा सण. क्षणभर थांब मधला क्षण नंतर संस्कृतातून पुन्हा उचललाय, म्हणून तो कोरा करकरीत दिसतो, आणि सण मात्र लोकांच्या तोंडात झिजत झिजत आलाय. म्हणून ओळखू येत नाहीत, पण शब्द एकच.

तेव्हा क्षणभंगुर या शब्दात 'सगळं सोडा' असं कुठेही नाही, ते आपण प्रवचनं ऐकून त्याला चिकटवलं.

यंदा दिवाळीचा कंदील लावायचा की नाही यावरून मीटिंगमध्ये भांडण झालं म्हणता. माझं मत विचाराल तर, सी विंगमधल्या त्या गृहस्थांच्या घरी यंदा फराळ तळणार नाहीत, तेव्हा शेजाऱ्यांनी डबे नेऊन द्यावेत, ती पद्धत आहेच. कंदिलाचं त्यांच्या बायकोला विचारा. दरवर्षी शिडीवर चढून कंदील तेच बांधायचे असं तुम्हीच लिहिलंय, तर मीटिंगवाल्यांपेक्षा तिला जास्त कळेल. आणि फळ्यावरचा तो गू कृपया आजच पुसा, बाकी काही नाही तर वाचायला फार वाईट दिसतो.