गळ्यात दोन कॅमेरे आणि समोर वरात

वाचकांचे प्रश्न, लग्नाचे फोटो काढणाऱ्यांसाठी

प्रश्न : दादा नमस्कार. मी तीन वर्षांपासून इंदूरला लग्नाचं काम करतोय. कॅननच्या दोन ५डी मार्क फोर बॉड्या आहेत, एकीवर २४-७० ची लेन्स आणि दुसरीवर ७०-२०० ची. दोन्ही कंपनीच्याच पट्ट्यांनी गळ्यात अडकवतो. मागच्या सीझनला सलग चार लग्नं केली आणि मान आखडली ती आखडलीच, उजव्या हाताच्या बोटांना मुंग्याही येतात. वर एका वरातीत मी वळलो तर ७०-२०० एका छोट्या मुलाच्या कपाळाला लागली, मोठं टेंगूळ आलं बिचाऱ्याला. सगळे म्हणतात दोन्ही खांद्यांवरून घालायचा लेदरचा हार्नेस घे. घेऊ का?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : भाऊ, आधी मुंग्यांचं बोलू. नुसती मान दुखणं वेगळं आणि बोटांना मुंग्या येणं वेगळं, त्यामुळे पट्टा बदलायच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, पुढच्या लग्नाची तारीख यायच्या आत. मी स्वतः दोन वर्षं हेच अंगावर काढलं आणि नंतर एक अख्खा सीझन घरी बसलो, म्हणून एवढ्या आग्रहानी सांगतोय.

आता तुमच्या गळ्यात नेमकं किती वजन आहे ते मोजू, कारण बहुतेकांनी ते कधी मोजलेलंच नसतं. ५डी मार्क फोर बॅटरीसकट ८९० ग्रॅम, २४-७० ची दुसरी आवृत्ती ८०५ ग्रॅम, ७०-२०० ची दुसरी आवृत्ती १४९० ग्रॅम. म्हणजे दोन बॉड्या आणि दोन लेन्सा मिळून झाले चार किलोच्या वर. प्रत्येकावर एकेक फ्लॅश, त्यात चार-चार सेल, की पाच किलो झालेच. घरी आट्याचं पाच किलोचं पाकीट येतं ना, ते सुतळीनी गळ्यात बांधून सकाळी सीमांतपूजनापासून रात्रीच्या रिसेप्शनपर्यंत हिंडल्यासारखं आहे हे. आणि मान मुळात डोक्याचं वजन सांभाळतेच आहे, तेही साडेचार-पाच किलो असतं, त्यावर तुम्ही तेवढंच आणखी लटकवताय, ते पण पुढच्या बाजूला.

हार्नेस घ्याच, पण हार्नेस घेतला की सगळं सुटलं असं नाहीये. त्यानी वजन मानेवरून दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर जातं, कॅमेरे कमरेच्या दोन्ही बाजूला उलटे लटकतात, हवा तो पट्ट्यावरून सरकवत डोळ्याला लावायचा आणि सोडून द्यायचा. मानेला आराम नक्की पडतो, पण पाच किलो पाच किलोच राहतात आणि संध्याकाळपर्यंत कंबर बोलायला लागते. म्हणून माझं म्हणणं असं की आधी अंगावर काय ठेवायचं ते ठरवा, कशाला अडकवायचं ते नंतर.

आपल्याकडच्या लग्नात हे विधीप्रमाणे ठरतं. हळदीला, रुखवताच्या टेबलाशी, पंगतीत दोन बॉड्यांची काही गरज नाही, एक बॉडी आणि ३५ ची छोटी लेन्स घेऊन फिरा, लोकही मोकळे राहतात. दोन बॉड्या लागतात त्या मंगलाष्टकांना. कारण 'तदेव लग्नं' सुरू झालं की अंतरपाट खाली येईपर्यंत हातात फार थोडा वेळ असतो, तेवढ्यात दोघांचे चेहरे जवळून पण हवेत आणि अक्षता उडताना अख्खा मांडव पण हवा, आणि तेव्हा लेन्स बदलायला गेलात तर दोन्ही गेलं. शिवाय त्या क्षणी कॅमेऱ्याचं तोंड उघडं ठेवायचं म्हणजे तांदूळ, कुंकू, हळद सगळ्याला आमंत्रण, थोड्या वेळानी लाजाहोमाचा धूर असतोच. (कमरेच्या पाऊचची चेन पण बंद ठेवा, माझ्या पाऊचमधून अजून जुन्या लग्नांच्या अक्षता निघतात आणि तांदळाचा एक दाणा लेन्सच्या मागच्या काचेवर घासला गेला तर काय होतं ते मी बघितलंय.) सप्तपदी झाली, आहेर सुरू झाले, की ७०-२०० लगेच उतरवायची. दिवसभरात दोन्ही कॅमेरे एकत्र अंगावर फार तर दोन तास असावेत.

आणि वरातीत एकच, वाइड लेन्सवाला, छातीशी घट्ट. मुलाला लागलं त्याचं कारण सरळ आहे, कमरेला लटकलेली मोठी लेन्स बरोबर चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येते, आणि वरातीत ढोल-ताशा आणि घोडीच्या मधे मुलंच नाचत असतात. तुम्ही अर्धं वळलात तरी ती लेन्स पूर्ण झोका घेते. जिथे दोन कॅमेरे ठेवावेच लागतात तिथे हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरचं कडं, लावलेलं असू द्या, लेन्सचं तोंड मागच्या बाजूला ठेवा, चालताना तळहात लेन्सवर ठेवा, आणि हार्नेसला कमरेपाशी अडकवायची छोटी पट्टी असते ती लावा, बरेच लोक ती नुसती लोंबकळत ठेवतात. खाली वाकूही नका. नवरा-नवरी मोठ्यांच्या पाया पडतात तेव्हा फोटोसाठी आपण वाकतो आणि दोन्ही कॅमेरे झुलत पुढे येऊन औक्षणाच्या तबकावर आदळतात, मी हे तीन वेळा तरी बघितलंय. एक गुडघा टेकवून बसायचं, कॅमेरे जागच्या जागी राहतात.

हार्नेसमधे सगळ्यात जास्त लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे तो स्क्रू. बहुतेक हार्नेस कॅमेऱ्याच्या तळाशी, ट्रायपॉडच्या भोकात, पाव इंची स्क्रूनी लागतात. चालताना कॅमेरा सारखा हलतो आणि हलता हलता हा स्क्रू सैल होत जातो. माझा एक कॅमेरा असाच पडला, रिसेप्शनच्या स्टेजच्या पायऱ्यांवर, लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती माउंटच वाकली, आणि सकाळी मी तो स्क्रू स्वतःच्या हातानी आवळला होता. तेव्हापासून तीन गोष्टी मी सोडत नाही. स्क्रूखाली रबरी वॉशर घालतो, सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दर अर्ध्या तासानी बोटांनी स्क्रू चाचपतो, आता ती सवयच झालीये. आणि कॅमेऱ्याच्या मूळ पट्ट्याची जी कडी असते तिथून हार्नेसला एक वेगळी छोटी दोरी बांधतो, म्हणजे स्क्रू निघालाच तरी कॅमेरा दोरीवर लटकतो. पीक डिझाइनचे ते गोल अँकर यासाठी चांगले, कंपनी ९० किलोपर्यंतचा भार सांगते, पण त्याची दोरी झिजते, दोरीच्या आतला वेगळा रंग दिसायला लागला की ते अँकर वापरायचंच नाही.

७०-२०० लावलेली असताना हार्नेस बॉडीच्या तळाला कधीच अडकवू नका. तिच्या स्वतःच्या कॉलरला, म्हणजे लेन्सभोवतीच्या कड्याला, पाय असतो, तिथे अडकवा, नाहीतर दीड किलोची लेन्स दिवसभर फक्त माउंटवर ओढ देत राहते. २४-७० ला कॉलर नसतो, ती बॉडीला चालते.

लेदरचं विचारलंत. दिसायला छान दिसतं, थंडीतल्या लग्नात काही वाटत नाही, पण मे महिन्यात इंदूरला पारा चाळिशी ओलांडतो आणि बाहेर लॉनवर उभं राहायचं असतं तेव्हा लेदर घाम पितं, कडक होतं, वास येतो आणि ते धुताही येत नाही. मी नायलॉनचा, खांद्याला रुंद जाळीदार पॅड असलेला वापरतो, सीझन संपला की साबणाच्या पाण्यात धुऊन वाळत घालतो. आणि हे सगळं करूनही जड वाटलं तर मग मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा, विचार करा, सोनीची नवी ७०-२०० जीएम टू कॉलर काढून १०४५ ग्रॅम आहे, म्हणजे फरक मोठा आहे, पण तो खर्च शेवटी करायचा, पट्ट्याच्या आधी नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगतो. हाताखाली एक मुलगा ठेवा, बाकीची बॅग त्याच्या खांद्यावर, आणि त्याला त्या दिवसाचे नीट पैसे द्या. आपल्या इंदूरचाच वारसा आहे हा. नामवंत फोटोग्राफर राजा दीनदयाळ १८६६ मधे इथे बांधकाम खात्यात नोकरीला आले, कॅमेरा इथेच हातात घेतला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिलं. काचेच्या प्लेटांचा जमाना तो, ते सगळं ओझं एकट्याच्या अंगावर घेऊन कोणी फोटो काढत नव्हतं. हाताखाली माणूस असणं ही चैन नाही, आपल्या कामातली ती गरज आहे. आणि बॅग नवरीच्या खोलीत ठेवू नका, तिथे कोण येतं कोण जातं कोणाला माहीत नसतं, मॅरेज गार्डनमधे तर चारही बाजूंनी ये-जा चालू असते. बॅग त्या मुलाच्या नजरेसमोर, आणि फोटोंनी भरलेली मेमरी कार्डं तुमच्या अंगावर, चेनच्या खिशात.

प्रश्न : दादा, मी जास्त करून बायकांच्या बाजूचं काम करते, मेंदी, हळद, नवरीची तयारी. हार्नेस घालून बघितला तर छातीवर काचतो आणि माझी उंची कमी म्हणून कॅमेरा गुडघ्यापर्यंत येतो. कुर्त्याला धड खिसेही नसतात. काय करू?
— एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : ताई, तुमची तक्रार अगदी खरी आहे, हे हार्नेस उंच पुरुषांच्या मापानी बनवलेले असतात आणि दुकानदार 'सवय होईल' म्हणून गळ्यात मारतात. सवय वगैरे काही होत नाही. तुम्ही हार्नेस सोडा आणि कमरेच्या पट्ट्यावर या. कॅमेऱ्याच्या तळाला एक पिन असलेली प्लेट लागते आणि ती पिन पट्ट्यावरच्या होल्स्टरमधे खट्टकन बसते, स्पायडर कंपनीचे मिळतात तसे. छातीवर काही येत नाही. पट्टा मात्र पोटावर बांधू नका, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, वजन हाडानी घेतलं पाहिजे, आणि रुंद असावा. कुर्ता दोन्ही बाजूंनी चिरलेला घाला म्हणजे पट्टा वरून नीट बसतो, ओढणी त्या दिवशी नको, ती होल्स्टरमधे अडकते. मेंदीच्या वेळी खाली बसायचं असेल तर आधी कॅमेरा काढून हातात घ्या, नाहीतर तो फरशीवर टेकतो.

खिशांसाठी तुमच्या नेहमीच्या शिंपीकाकांना किंवा टेलरताईंना सांगून प्रत्येक कुर्त्याला आतून एक चेनचा खिसा शिवून घ्या, कार्डं तिथे. आणि तुमच्या कामाला जड झूम लागतच नाही, नवरीची खोली लहान असते, एका बॉडीवर ३५ आणि पाऊचमधे ८५, बास. मनगटाला छोटा हँडस्ट्रॅप असू द्या. एक काळजी फक्त, थंडीत लॉनवरून गरम, भरलेल्या खोलीत आलात की लेन्सवर वाफ धरते, त्यामुळे कॅमेरा आत न्यायच्या आधी बॅगेत घालून चेन बंद करा आणि खोलीत आल्यावर पंधरा मिनिटांनी काढा, पुसत बसू नका, पुसून उपयोग होत नाही.

प्रश्न : पुण्याचं लग्न मिळालंय, इंदूरहून सामान रेल्वेनी न्यावं का विमानानी?
— एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : रेल्वेनी जात असाल तर वरचा बर्थ मागा आणि कॅमेऱ्याची बॅग डोक्याशी घेऊन झोपा, खालच्या बर्थखाली साखळी लावून ठेवलेली बॅग मला तरी पटत नाही. लाइटचे स्टँड, छत्र्या वगैरे खाली राहिलं तर चालेल. विमानानी जात असाल तर स्टँड चेक-इनमधे टाका, पण बॉड्या, लेन्सा हातातल्या बॅगेत, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तर हातातल्याच बॅगेत न्याव्या लागतात, चेक-इनमधे त्या चालत नाहीत. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर प्लास्टिकचं झाकण लावा किंवा चिकटपट्टी मारा, म्हणजे एकमेकींना लागून शॉर्ट होणार नाहीत. येताना भरलेली कार्डं तुमच्याकडे आणि त्यांची कॉपी केलेली हार्डडिस्क मदतनिसाच्या बॅगेत, दोन्ही एका बॅगेत नकोत.