रीजनल एअरलाइनचं पायलट ट्रेनिंग खरंच एवढं अवघड असतं का? कसं निभवायचं?

तुम्ही लिहिलंय की सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, होऊन दोन वर्षं घरी बसलात, आता एटीआर ह्या प्रोपेलरवाल्या प्रवासी विमानावर निवड झालीय, पुढच्या महिन्यात ग्राउंड स्कूल, आणि आधीच्या बॅचमधले दोघं सिममध्ये (सिम्युलेटरमध्ये) अडकले हे ऐकून झोप उडालीय. मी ह्यातून गेलोय, एटीआर 72-600 वर उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलट म्हणून, चौथं वर्ष चालू आहे, घर पुण्यात, त्यामुळे माझं जे झालं तेच सांगतो.

ग्राउंड स्कूलचं फार मनावर घेऊ नका. पाठांतर आहे, कमाल वजन 23,000 किलो, कमाल उंची 25,000 फूट, हायड्रॉलिक, इलेक्ट्रिकल, पंखावर बर्फ जमला तर काय, सगळं रोजच्या रोज वाचलं तर होतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीवाली पोरं वर्षानुवर्षं बसतात, त्यांच्यापुढे आपले हे काही आठवडे म्हणजे काहीच नाही. आणि विमान मजेशीर आहे हो. एटीआरला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं छोटं वेगळं इंजिन, नसतो, म्हणून जमिनीवर उजव्या इंजिनचा प्रोपेलर ब्रेक लावून धरतात आणि इंजिन आत चालूच ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. लोहगावला एका आजोबांनी चढता चढता मला थांबवून विचारलं होतं, "अहो, पंखा तर फिरत नाहीये, मग आवाज कसला येतोय?" प्रश्न एकदम बरोबर, व्हायव्हात मला हाच आला होता.

खरी परीक्षा सिममध्ये. चार तासांचं सेशन, दोन तास तुम्ही फ्लाय करणार आणि दोन तास पार्टनर, आधी ब्रीफिंग नंतर डीब्रीफिंग, आणि स्लॉट कधीकधी रात्री दोनचा. तिथे जाऊन कॉलआउट, म्हणजे ठरलेल्या क्षणी मोठ्याने बोलायची वाक्यं, आठवत बसलात तर संपलंच, कारण डोकं एकच असतं आणि ते आठवण्यातच खर्च होतं, मग विमान कोण उडवणार.

माझं तिसरं सेशन, गुरगाव, पहाटेची वेळ. व्ही-वन झालं, म्हणजे आता टेकऑफ सोडता येत नाही एवढा वेग आला, आणि इन्स्ट्रक्टर सरांनी इंजिन घालवलं. नाक डावीकडे जायला लागलं, मी उजवा पाय दाबला, इथपर्यंत ठीक. डेड फूट डेड इंजिन, म्हणजे जो पाय रिकामा बसलाय त्या बाजूचं इंजिन गेलंय, हे तुम्ही सीपीएलला मल्टी-इंजिन केलं असेल तेव्हा ऐकलं असेलच. आता गंमत अशी की ह्यानंतर विमान बरंचसं काम स्वतःच करतं. बंद पडलेल्या इंजिनचा प्रोपेलर आपोआप फेदर होतो, म्हणजे पात्यांची धार वाऱ्याकडे होते आणि ओढ कमी होते, आणि चांगल्या इंजिनची पॉवर 90 वरून 100 टक्क्यांवर जाते, त्याला अपट्रिम म्हणतात. आपण फक्त अपट्रिम झालं का, ऑटोफेदर झालं का हे बघायचं, गियर वर घ्यायचा, सरळ चढत राहायचं, आणि इंजिन बंद करायचं काम वर गेल्यावर सावकाश, तेही दोघांनी मिळून. मला कसला धीर, तीनशे फुटांवरच हात गेला आणि पॉवर लिव्हर मागे ओढला. चालू इंजिनचा.

सरांनी सिम फ्रीज केलं. ओरडले नाहीत, म्हणाले, "दोन्ही हात मांडीखाली घे आणि तैपेईत काय झालं ते सांग." 4 फेब्रुवारी 2015, ट्रान्सएशियाची फ्लाइट, हेच विमान, एटीआर 72-600. उजवा प्रोपेलर फेदर झाला आणि कॅप्टननी डावं, चांगलं इंजिन मागे घेऊन बंद केलं. विमानात 58 जण होते, 43 गेले. ते सगळं मला पाठ होतं हो, ग्राउंड स्कूलला केस स्टडी म्हणून मीच प्रेझेंट केलं होतं, तरीही हात गेलाच.

सेशन रिपीट लागलं. मध्ये तीन दिवस होते म्हणून पुण्याला घरी आलो. कॉकपिटचं पोस्टर कपाटाला चिकटवलं, समोर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या, मधल्या स्टुलावर लिव्हर म्हणून दोन पळ्या आणि दोन उलथनी, आणि शेजारी आईला बसवलं. आई बँकेतून रिटायर झालेली, विमानातलं तिला ओ की ठो कळत नाही, कागदावर तिची वाक्यं लिहून दिली. ती चष्मा सारखा करून "सेव्हन्टी नॉट्स" असं म्हणायची जसं काही टोकन नंबर पुकारतेय. चौथ्या-पाचव्या वेळी मी "पॉवर लिव्हर वन" म्हणालो आणि पळी ओढली, तर तिने मनगटच धरलं. "मी कन्फर्म म्हटलं का?"

मी म्हटलं, "आई, खरं असतं तेव्हा एवढा वेळ नसतो गं."

"आमच्या स्ट्राँगरूमला दोन चाव्या होत्या, एक मॅनेजरसाहेबांकडे आणि एक माझ्याकडे. बाहेर पेन्शनवाल्यांची रांग जिन्यापर्यंत गेली तरी दुसरी चावी लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. ठेव ती पळी."

मग ती कागदावर बोट ठेवून ओळ वाचणार, पळीकडे बघणार, माझ्याकडे बघणार आणि मग "कन्फर्म". चार-पाच सेकंद जायचे आणि माझा जीव वर-खाली व्हायचा. तीन दिवसांत पन्नासेक वेळा तरी केलं असेल. रिपीट सेशनला लिव्हरवर हात ठेवला आणि पार्टनर बोलेपर्यंत आपोआप थांबलो, तेव्हा लक्षात आलं की हे पाच सेकंद काही जास्त नाहीत, विमान चढतच असतं तेवढ्यात.

म्हणून ग्राउंड स्कूलच्या पहिल्याच दिवशी पोस्टर लावा आणि फ्लो, म्हणजे स्विच आणि लिव्हर हाताळायचा ठरलेला क्रम, तोंडाने बोलत, हाताने करत बसा, मनातल्या मनात केलेलं सिममध्ये उपयोगी पडत नाही. घरचं कुणी शेजारी बसायला मिळालं तर उत्तम, जितकं कमी कळणारं तितकं बरं, कारण ते कागदात आहे तेच बोलतात, तुम्हाला सांभाळून घेत नाहीत. सिम पार्टनरशी मात्र पहिल्या दिवशीच स्पष्ट बोलून घ्या की चुकलं तर एकमेकांना टोकायचं. माझा पार्टनर त्या रात्री माझा हात जाताना बघत होता, म्हणाला "मला वाटलं तुला माहितीय."

लाइन ट्रेनिंगचं, म्हणजे सिमनंतर खऱ्या फ्लाइटवर होणाऱ्या ट्रेनिंगचं, आत्ता डोक्यात घेऊ नका, ते वेगळं प्रकरण आहे. आणि एक, ब्रेथ अ‍ॅनालायझर (ड्यूटीआधीची दारूची तपासणी) चालू झाला की माउथवॉश बंद, कफ सिरप किंवा होमिओपॅथीचे थेंब डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, त्यात अल्कोहोल असू शकतं. माझ्या बॅचमधल्या एकाने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पानमसाल्याचा वास घालवायला माउथवॉश वापरला होता, ती कहाणी हवी असेल तर कमेंटमध्ये विचारा.