पत्रा आधी, इंजिन मग

बाळा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. तुझ्या फोक्सवागन बीटलमधलं बाराशे सीसीचं इंजिन काढून सोळाशेचं घालू, की फोक्सवागनचंच मोठं टाइप-फोर जातीचं दोन लिटरचं, की सरळ सुबारू मोटारीचं? तीन जणांनी तीन सल्ले दिले. चौथ्याने वर सांगितलं की इंजिनभोवतीचे पत्रे काढून टाक, मागचं झाकण अर्धवट उघडं ठेव, इंजिनला मोकळा वारा लागू दे. गोंधळ होणारच. पण मला खटकलं ते वेगळंच. ताकदीबद्दल तू पानभर लिहिलंस आणि हवेबद्दल एक ओळ नाही.

तुझ्या बाराशेची ताकद ३४ हॉर्सपॉवर. ड्युअल पोर्ट, म्हणजे प्रत्येक बाजूला हवा-पेट्रोल आत घ्यायची दोन तोंडं असलेल्या, सोळाशेची ५०. ताकद जवळपास दीडपट, म्हणजे जिरवायची उष्णताही साधारण त्याच हिशेबाने वाढली. बीटलला रेडिएटर नाही, पाणी नाही. तेल आहे ते जेमतेम अडीच लिटर. बाकी सगळा भार त्या पंख्यावर आणि त्याच्याभोवतीच्या पत्र्यांवर. म्हणून माझ्याकडे जो येतो त्याला मी एकच सांगतो: पत्रा आधी, इंजिन मग.

हवेचा रस्ता नीट समजून घे. मागच्या काचेखालच्या जाळीतून हवा आत येते. डायनामोच्या शाफ्टवर बसलेला पंखा ती ओढतो. हाउसिंगमधून, म्हणजे पंख्याभोवतीच्या कवचातून, ती डावीकडे-उजवीकडे वाटली जाते, सिलिंडरवरच्या फिन्समधून, म्हणजे पातळ पात्यांच्या फटींतून, दाबाने खाली उतरते आणि गाडीखाली बाहेर पडते. वर थंड, खाली गरम, आणि दोन्हींच्या मधे तो पत्रा आणि त्याच्या कडेचं रबर. रबर फाटलं, प्लगच्या वायरची रबरी टोपी हरवली किंवा हीटरचा पाइप काढून त्याचं भोक तसंच उघडं ठेवलं, की दाब तिथून निसटतो, नाहीतर पंखा खालची तापलेली हवाच परत आत ओढतो. मग तीच गरम हवा इंजिनभोवती फिरत राहते. ‘पत्रे काढले की वारा लागतो’ म्हणणाऱ्याने हे कधी हात लावून पाहिलेलं नाही. हात लावला असता तर कळलं असतं.

चेतक स्कूटर तू पाहिली असशीलच. तिच्या फ्लायव्हीललाच पंखा असतो आणि हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या टोकावर, पत्र्याचं कव्हर. ते कव्हर काढून फिरवलेल्या आणि मग जाम झालेल्या चेतक मी तरुणपणी पुष्कळ उघडल्या. पंखा फिरत होता, हवा येत होती, पण हेडला न लागता बाजूने निघून जात होती. तेव्हापासून हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणोत.

या हट्टापायी एक मित्र दुरावला, तेही सांगतो. त्याला लग्नसराईत गाडी हवी होती. सिलिंडरच्या खालचे डिफ्लेक्टर, म्हणजे हवा वळवणारे पत्रे, मिळत नव्हते आणि त्यांच्याशिवाय इंजिन चालू करायला मी नकार दिला. तो गाडी ओढून दुसरीकडे घेऊन गेला. तिथे चावी फिरली, गाडी छान धावली. उन्हाळ्यात घाट चढताना तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटून पिस्टनमध्ये घुसला. तो परत माझ्याकडे आला नाही, बोललाही नाही. तेव्हा जरा गोड बोलायला हवं होतं का, हा विचार अजून येतो. पण गोड बोलून डिफ्लेक्टर मिळाले नसते, आणि त्यांच्याशिवाय मी चावी दिलीच नसती. आजही देणार नाही.

तिसरंच सिलिंडर का, हे तुला माहीत असायला हवं. जुन्या हाउसिंगमध्ये तेल थंड करणारा ऑइल कूलर डाव्या बाजूला आतच उभा असतो. तिसऱ्या सिलिंडरला हवा मिळते ती त्या कूलरची अडवणूक सोसून, आधीच तापलेली. फोक्सवागनला हे ठाऊक होतं, म्हणून काही वर्षांच्या डेल्कोत, म्हणजे प्लगना स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये, तिसऱ्याचा स्पार्क मुद्दाम थोडा उशिरा ठेवलेला असे. १९७१च्या मॉडेलपासून त्यांनी कूलर बाहेर काढून त्याला स्वतंत्र खोपटं दिलं आणि पंखा रुंद केला. यालाच आपल्यात ‘डॉगहाउस’ म्हणतात. तुझं उत्तर हेच आहे: सोळाशे घे, पण डॉगहाउससकट घे. सोळाशेच्या इंजिनावर बाराशेचं हाउसिंग चढवायचा विचारसुद्धा करू नकोस.

टाइप-फोर इंजिन उत्तम आहे, पोर्शे ९१४ मध्ये तेच होतं. पण त्याचा पंखा क्रँकच्या टोकाला असतो. ती मांडणी बीटलच्या मागच्या जागेत सहज मावत नाही, म्हणून सहसा उभं हाउसिंग नव्याने बसवावं लागतं. म्हणजे इंजिन आणलंस तरी हवेची व्यवस्था शून्यातून उभी करायची. ते तुझ्या दुसऱ्या गाडीत कर. सुबारूला रेडिएटर लागतो आणि त्यालाही हवा आत यायला नि बाहेर जायला वाट लागतेच. हवेच्या प्रश्नातून तिथेही सुटका नाही.

बाकी सल्ले मी झटपट निकालात काढतो. झाकणाखाली ठोकळे लावू नकोस, मागच्या बंपरखालची गरम हवा वर येऊन आत शिरते. लहान पुली लावू नकोस, ती पंख्याचाच वेग कमी करते. थर्मोस्टॅट काढू नकोस. तो सत्तर अंशांच्या आतबाहेर हाउसिंगमधले हवा अडवणारे फ्लॅप पूर्ण उघडतो, म्हणजे पुण्याच्या मे महिन्यात ते उघडेच असतात. तो काढून उन्हाळ्यात काही मिळत नाही, हिवाळ्यातल्या सकाळी इंजिन उशिरा गरम होतं एवढंच. आणि विजेचा पंखा? मूळ पंखा जोरात फिरताना काही हॉर्सपॉवर खातो. दोनच धर. म्हणजे साधारण १५०० वॅट. १२ व्होल्टवर सव्वाशे अँपिअर झाले. बारा व्होल्टचा मूळ डायनामो देतो ३०. असा हिशेब तू स्वतः मांडायला हवा होतास, इंजिनिअरिंग शिकतेस ना?

रागावलो असं वाटू देऊ नकोस. नव्या बायकोकडे पाहावं तसं लोक नव्या इंजिनाकडे पाहतात, तू निदान विचारलंस तरी.

नवीन हेड आणलंस तर बसवण्याआधी फिन्समधून टॉर्च मार. ओतकामाचा पापुद्रा बऱ्याचदा फटींत तसाच राहिलेला असतो, विशेषतः एक्झॉस्टच्या बाजूला. पलीकडून उजेड दिसला नाही तर हवाही जाणार नाही. करवतीचं पातं घे, बारीक कानस घे आणि प्रत्येक फट मोकळी कर. संध्याकाळ जाईल, जाऊ दे. खालचे डिफ्लेक्टर पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या बसण्याआधीच सरकव, मागाहून फार त्रास देतात. तुझी गाडी सहा व्होल्टची आहे, तेव्हा फ्लायव्हील १०९ दातांचं. सोळाशेचं १३० दातांचं, म्हणजे मोठं, त्यामुळे ते ज्यात बसतं ते गिअरबॉक्सकडचं कवच, बेल हाउसिंग, आतून थोडं घासावं लागेल. आरटीओची परवानगी आधी काढ, आरसीवर इंजिन नंबर बदलायचा आहे.

चालवतानाही हवाच लक्षात ठेव. पंख्याचा वेग गाडीच्या वेगावर नाही, इंजिनच्या फेऱ्यांवर ठरतो. वरंधा घाटात चौथ्या गिअरमध्ये रेटत बसलीस तर भार जास्त आणि हवा कमी. तिसऱ्यात ये, गरज पडली तर दुसऱ्यात. इंजिनचा आवाज वाढला म्हणून घाबरू नकोस. बेल्ट अंगठ्याने दाबून पाहा, दीड सेंटिमीटरभर दबला पाहिजे. ताण कमी-जास्त करायचा तो पुलीच्या दोन भागांमधले वायसर काढून-घालून. काढलेले वायसर पुलीच्या बाहेरच्या बाजूला लाव, म्हणजे हरवत नाहीत. आणि डायनामोचा लाल दिवा लागला तर जिथे असशील तिथे थांब. इतर गाड्यांत तो चार्जिंगचा दिवा, बीटलमध्ये बेल्ट तुटून पंखा थांबल्याचाही.

एका गोष्टीची हळहळ मात्र आहे. बीटल भंगारात निघत होत्या तेव्हा लोकांनी इंजिनं ठेवली आणि पत्रे किलोवर विकले. मूळ जाडीचे, नेमके बसणारे पत्रे. माझ्याकडे ना जागा होती ना पैसे. आज तेच पत्रे शोधत माणसं दारोदार फिरतात, आणि नवीन मिळतात ते पातळ, भोकं जुळत नाहीत.

म्हणून इंजिन बघायला जाशील तेव्हा कॉम्प्रेशन नंतर विचार. आधी विचार: डॉगहाउस हाउसिंग आहे? रुंद पंखा आहे? कूलरचं खोपटं आणि त्याची हवा बाहेर नेणारा पत्रा? सिलिंडरवरचे दोन, खालचे दोन, पुलीमागचा? एखादा कमी असेल तर पैसे हातात ठेव आणि मला फोन कर. माझ्याकडे दोन खालचे डिफ्लेक्टर जपून ठेवलेले आहेत. ते मी विकत नाही, पण तुला देईन, चावी फिरवण्याआधी सगळा पत्रा बसलेला मला दाखवणार असशील तर.

तुझा,
काका