इतके इशारे आणि गाइडलाइन्स येत राहतात, प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरने त्यातलं नेमकं काय वाचावं?

तुमचा प्रश्न असा आहे: प्रॅक्टिस सुरू करून तीन वर्षं झाली, औषध-नियामकांचे इशारे, बदललेल्या गाइडलाइन्स आणि नव्या ट्रायल्सच्या बातम्या रोज येऊन पडतात. रात्री वाचायला बसलं तरी सकाळी ओपीडीत त्यातलं काही हाताशी येत नाही. मग वाचायचं काय आणि सोडायचं काय?

मी फिजिशियन आहे, वीसहून जास्त वर्षं ओपीडी बघतो. आधी एक प्रसंग सांगतो, कारण माझी पद्धत त्यातूनच आली.

ऑगस्ट 2011 मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामकाने, एफडीएने, सिटालोप्राम या नैराश्यावरच्या औषधाबद्दल इशारा दिला. दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, ईसीजीवरचा क्यूटी हा कालावधी लांबतो आणि हृदयाची लय धोकादायक रीतीने बिघडू शकते. आणि साठीच्या पुढच्या पेशंटला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नका. मी तो त्याच आठवड्यात वाचला. पटला. एका सहकाऱ्याला आवर्जून सांगितलाही. पुढे सात-आठ महिन्यांनी सत्तरीतल्या एक बाई चक्कर येते म्हणून आल्या. ईसीजी काढला तर क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी, 500 मिलिसेकंदांच्या जवळ, म्हणजे धोक्याच्या पातळीवर. केस पेपर उलटला, त्यावर माझ्याच अक्षरात सिटालोप्राम 40 मिलिग्रॅम, आणि खाली ओमेप्राझोल हे अॅसिडिटीचं औषध, जे सिटालोप्रामचा निचरा करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. मधल्या काळात त्या चार वेळा येऊन गेल्या होत्या. चारही वेळा मी ‘तेच चालू’ लिहिलं होतं. डोस उतरवला, ओमेप्राझोल बंद केलं, ईसीजी पूर्ववत झाला. त्यांना काही झालं नाही, पण ती रात्र मी नीट झोपलो नाही.

मला माहिती होती. ती माझ्या डोक्यात होती आणि बाई केस पेपरवर होत्या. दोघांची गाठ पडली नाही. तेव्हापासून, एखादा इशारा ज्या पेशंटला लागू होतो त्याचं प्रिस्क्रिप्शन बदलेपर्यंत तो इशारा माझ्या टेबलावर उघडाच राहतो.

म्हणून सुरक्षिततेचा इशारा आला की मी लेखाआधी आपल्या नोंदी उघडतो. संगणकावर नोंदी असतील तर औषधाचं नाव टाकून यादी काढायला फार वेळ लागत नाही. मी कागदावर काम करायचो तेव्हा एक वही ठेवली होती: वॉरफरिन, मेथोट्रेक्सेट, लिथियम, अमिओडॅरोन, डिगॉक्सिन, व्हॅल्प्रोएट. प्रत्येकाला एक पान, त्या पानावर ते औषध घेणाऱ्या पेशंटांची नावं. सगळ्या औषधांची अशी वही ठेवणं अशक्य, पण जिथे चूक महागात पडते ती औषधं मोजकीच असतात. इशाऱ्यात मी चारच गोष्टी शोधतो: कोणाला द्यायचं नाही, डोसची मर्यादा, कोणत्या औषधासोबत नको, आणि गरोदरपणाबद्दल काय म्हटलंय. बाकीचं सवडीने.

व्हॅल्प्रोएट या अपस्मारावरच्या (फिट्सच्या) औषधाबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इथे नुसती यादी काढून भागत नाही. गरोदरपणात हे औषध घेतलेल्या आईच्या दर 100 बाळांपैकी साधारण 10 बाळांत जन्मजात व्यंग दिसतं, आणि 30 ते 40 मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येऊ शकतात. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने 2018 मध्ये नियम कडक केले: मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे औषध द्यायचं तर गर्भधारणा टाळण्याचा ठरलेला कार्यक्रम पाळलाच पाहिजे. पुढे 2024 मध्ये औषध घेणाऱ्या पुरुषांसाठीही खबरदारीच्या सूचना आल्या. हे सगळं बरोबर आहे. पण घाबरून पेशंटने एका दिवसात गोळ्या बंद केल्या तर झटके येतात, आणि त्या झटक्यांत जीवही जाऊ शकतो. त्यामुळे अशा पेशंटला मी फोनवर निरोप देत नाही, बोलावून घेतो. पहिलं वाक्य ‘गोळी आज बंद करू नका’ हे असतं, त्यानंतर धोका, मग पर्याय, आणि न्यूरॉलॉजिस्टची भेट. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असेल तर हे बोलणं अवघड होतं, आई-वडिलांना ते आत्ताच कशाला असं वाटतं. तरी मी टाळत नाही. ती वीस वर्षांची होऊन लग्न ठरवेल तेव्हा कदाचित माझ्याकडे येतही नसेल.

आता दुसरा ढीग: ‘हे औषध द्या’, ‘हे लक्ष्य गाठा’ असं सांगणाऱ्या गाइडलाइन्स. इथे मी मुद्दाम सावकाश चालतो. 1989 मध्ये कास्ट ट्रायलचे निकाल आले, ते प्रत्येक तरुण डॉक्टरने एकदा वाचावेत असं मला मनापासून वाटतं. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके दिसतात, ते दाबले की मृत्यू टळतील हा तर्क इतका सरळ होता की औषधं सर्रास दिली जात होती. एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ठोके दाबले गेले आणि प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) जास्त माणसं दगावली. ईसीजी सुधारला होता, पेशंट नाही. त्यामुळे नवी शिफारस आली की मी आधी बघतो, ट्रायलमध्ये मोजलं काय? एखादा रिपोर्टमधला आकडा, की मृत्यू, स्ट्रोक, हॉस्पिटलात भरती?

त्यानंतर बघायचं, फायदा किती आणि कोणाला. 2015 च्या स्प्रिंट या बीपीवरच्या ट्रायलची बातमी ‘सिस्टॉलिक (वरचं बीपी) 120 च्या खाली आणल्याने धोका 25 टक्क्यांनी घटला’ अशी आली होती. ट्रायल उघडली की दिसतं, हार्ट अटॅक, स्ट्रोक यांसारख्या मुख्य घटना नेहमीच्या उपचारांच्या गटात 6.8 टक्के लोकांना आणि कडक उपचारांच्या गटात 5.2 टक्के लोकांना झाल्या. म्हणजे सव्वातीन वर्षं साधारण 61 जणांवर कडक उपचार केले तर एक घटना टळते. हा फायदा खरा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण त्यात डायबेटिस असलेले आणि आधी स्ट्रोक झालेले पेशंट नव्हते. कडक उपचारांच्या गटात बेशुद्ध पडणं आणि किडनीला इजा होणं जास्त दिसलं. आणि बीपी मोजलं होतं शांत बसवून, आपोआप चालणाऱ्या यंत्राने, तीन वेळा. आपण जिना चढून आलेल्या माणसाचं बीपी बोलता बोलता एकदा घेतो आणि त्या आकड्याला 120 चं लक्ष्य लावतो. मग ऐंशी वर्षांचे आजोबा रात्री बाथरूमला जाताना पडतात. गाइडलाइन पाळायची तर आधी बीपी मोजण्याची पद्धतही पाळायला हवी.

गाइडलाइनमध्ये शिफारशीपुढे ‘स्ट्राँग’ की ‘कंडिशनल’ लिहिलेलं असतं, तेही वाचायचं सोडू नका. कंडिशनल असेल तर पेशंटशी बोलून ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ.

ढिलाई देणारे बदल आपल्या नजरेतून सगळ्यात जास्त निसटतात. मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषध पूर्वी क्रिएटिनिन या किडनीच्या रक्ततपासणीच्या आकड्यावर बंद व्हायचं. 2016 मध्ये एफडीएने ते ईजीएफआरवर (किडनी किती गाळते याच्या अंदाजावर) आणलं: 30 च्या खाली नको, 30 ते 45 मध्ये नव्याने सुरू करू नका, आणि आधीपासून घेणाऱ्याचा 45 च्या खाली गेला तर फायदा-तोटा तोलून ठरवा. यामुळे कितीतरी लोकांना हे स्वस्त, चांगलं औषध परत देता येतं. पण मनाई उठल्याची बातमी मनाईइतकी मोठ्याने येत नाही, म्हणून आजही क्रिएटिनिन 1.5 दिसलं की हात आपोआप मेटफॉर्मिनवर काट मारतो.

इशाऱ्यालाही पुढचा भाग असतो. फेबुक्सोस्टॅट या गाउटच्या (युरिक अॅसिडच्या) औषधावर 2019 मध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचा बॉक्स्ड इशारा (लेबलवर चौकटीत छापला जाणारा, सगळ्यात कडक) आला, तो 2018 च्या केअर्स ट्रायलवरून. 2020 मध्ये फास्ट ट्रायलमध्ये अॅलोप्युरिनॉल या गाउटच्या जुन्या औषधाच्या तुलनेत असा जादा धोका दिसला नाही. मी अजूनही आधी अॅलोप्युरिनॉलच देतो, पण ते न सोसणाऱ्या पेशंटला आता फेबुक्सोस्टॅट नाकारत नाही. वहीत इशाऱ्याशेजारी तारीख लिहा, आणि वर्षाने तिथे परत या.

वेळेचं म्हणाल तर नियामकांच्या सुरक्षा-सूचनांची ईमेल लावून घ्या, त्या त्याच दिवशी बघा. गाइडलाइन्ससाठी आठवड्यातला एक ठरलेला तास पुरतो, आणि त्यात आपल्या ओपीडीत रोज दिसणारे पाच-सहा आजारच घ्या. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने आणलेली माहितीपत्रिका मी घेतो, पण तिच्यावरून औषध बदलत नाही. मूळ ट्रायल उघडल्यावरच ठरवतो.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक गोष्ट सांगतो. हे इशारे आपल्यासारख्यांच्या ओपीडीतूनच वर जातात. डिसेंबर 1961 मध्ये विल्यम मॅकब्राइड या ऑस्ट्रेलियन प्रसूतितज्ज्ञांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहिलं, की गरोदरपणात थॅलिडोमाइड हे औषध घेतलेल्या आयांच्या बाळांत हातापायांची व्यंगं जास्त दिसताहेत, इतर कोणाला असं दिसलंय का? जर्मनीत विडुकिंड लेंझ हे डॉक्टर त्याच सुमारास तेच सांगत होते. तुम्हाला एखाद्या औषधानंतर काही विचित्र दिसलं तर कारण सिद्ध होईपर्यंत थांबू नका. नोंदवायला चार गोष्टी पुरतात: ओळखता येईल असा एक पेशंट, कळवणारे तुम्ही, संशयित औषध, आणि काय झालं. त्या बाईंच्या ईसीजीची नोंद मी त्याच आठवड्यात पाठवली होती.