भ्रष्टाचार समाजात पसरतो कसा? सामाजिक सिद्धांत काय सांगतात?

'माणसं लोभी असतात' एवढं उत्तर पुरत नाही. लोभ सगळीकडेच असतो, भ्रष्टाचार मात्र सगळीकडे सारखा नसतो.

मला सर्वांत पटते ती अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांची मांडणी: गुन्हा शिकला जातो, तोही जवळच्या माणसांकडून. नवा कर्मचारी सहकाऱ्यांकडून आधी 'पद्धत' शिकतो आणि तिच्यासोबत समर्थनंही. 'सगळेच घेतात', 'मी कुठे मागितले, त्यानेच खुशीने दिले' वगैरे. न घेणारा उलट सगळ्यांना अडचणीचा वाटू लागतो.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये वेगळं कारण दिलं. समाज श्रीमंतीचं ध्येय सर्वांपुढे ठेवतो, पण तिथवर जाणारे सरळ मार्ग मोजक्यांनाच देतो. मग काही जण आडवाट धरतात. (आधीच गब्बर असलेले का खातात, हे मात्र यातून नीट उलगडत नाही.)

भ्रष्टाचाराचे अभ्यासक रॉबर्ट क्लिटगार्ड यांचं सूत्र व्यवस्थेकडे बोट दाखवतं: भ्रष्टाचार म्हणजे मक्तेदारी अधिक स्वेच्छाधिकार (आपल्या मर्जीने निर्णय घेण्याची मुभा), वजा उत्तरदायित्व.

एकदा पसरल्यावर भ्रष्टाचार टिकतो अपेक्षेवर. बाकीचे देणारच असं वाटलं, की एकट्याने प्रामाणिक राहण्यात तोटाच दिसतो. म्हणून लाचेची मनापासून चीड असलेलेही पाकीट पुढे करतात.