एआय आणि समाज या विषयात संशोधन करायचंय. सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातली. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ८.१. आई आशा सेविका आहे, त्यामुळे एआयचा आरोग्यसेवेत काय उपयोग होईल यावर संशोधन करावं असं मनात आहे. शेवटच्या वर्षासाठी आमच्या ग्रुपने छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखण्याचा प्रोजेक्ट घेतलाय. अ‍ॅक्युरसी ९६ टक्के येते. सर म्हणतात, पेपर छापून टाका. बाबांचं म्हणणं, कॅम्पसमधून नोकरी मिळाली तर ती घे, नाहीतर पुण्याच्या एका क्लासचा ८५ हजारांचा सहा महिन्यांचा एआय कोर्स कर. पीएचडीची पाच-सहा वर्षं घर कसं चालायचं, हाही त्यांचा प्रश्न आहे. मी काय करू?

उत्तर : आधी ते ९६ टक्के तपासू, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची निम्मी उत्तरं तिथेच आहेत.

डेटासेट, म्हणजे चित्रांचा संच, कोणता, हे तू लिहिलेलं नाहीस. पण या विषयावरचे कॉलेज प्रोजेक्ट बहुतेक कॅगल या डेटासेट पुरवणाऱ्या संकेतस्थळावरच्या एकाच संचावर उभे असतात. त्यात ५,८५६ एक्स-रे आहेत. चीनमधल्या ग्वांगझूच्या रुग्णालयातले, १ ते ५ वर्षं वयाच्या मुलांचे. तुमचाही तोच असेल तर फोल्डर उघडून बघ. मॉडेल शिकवण्याच्या, म्हणजे ट्रेनच्या फोल्डरमधल्या ५,२१६ चित्रांपैकी ३,८७५ न्यूमोनियाची आहेत. म्हणजे डोळे मिटून प्रत्येक वेळी 'न्यूमोनिया' म्हणणारं मॉडेलसुद्धा तिथे ७४ टक्के बरोबर येतं. शिकताना मधूनमधून तपासण्याच्या, म्हणजे व्हॅलिडेशनच्या फोल्डरमध्ये तर फक्त १६ चित्रं आहेत. एक चित्र इकडचं तिकडे झालं की आकडा सहा टक्क्यांनी हलतो, त्यामुळे त्यावर बघून मॉडेल निवडण्यात अर्थ नाही.

आता फाइलींची नावं वाच. न्यूमोनियाच्या चित्रांच्या नावात 'पर्सन' या शब्दापुढे रुग्णाचा क्रमांक असतो, आणि एकेका क्रमांकाची दोन, तीन, कधी त्याहून जास्त चित्रं सापडतात. सगळी चित्रं एकत्र मिसळून ८०-२० अशी रँडम वाटणी केली असेल, तर त्याच मुलाचं एक चित्र शिकवायला आणि दुसरं तपासायला गेलं. परीक्षेआधी पेपर फुटल्यासारखंच हे. याला डेटा लीकेज म्हणतात. वाटणी रुग्णाच्या क्रमांकावरून करा आणि मग आकडा पुन्हा काढा. तो खाली येईल. येऊ दे. सोबत नुसती अ‍ॅक्युरसी न देता सेन्सिटिव्हिटी (आजाऱ्यांपैकी किती ओळखले) आणि स्पेसिफिसिटी (निरोगींपैकी किती ओळखले) वेगवेगळी लिहा, कारण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील की आजारी मुलं किती सुटली आणि धडधाकट किती अडकली.

ही चूक फक्त विद्यार्थ्यांची नाही. कोविडच्या काळात एक्स-रे आणि सीटी स्कॅनवरून निदान करणाऱ्या मॉडेलांचे शेकड्यांनी पेपर निघाले. २०२१ मध्ये नेचर मशीन इंटेलिजन्समध्ये आलेल्या आढाव्यात निकषांतून उरलेले ६२ पेपर बारकाईने तपासले, आणि प्रत्यक्ष रुग्णावर वापरावं असं एकही मॉडेल निघालं नाही. एक दोष वारंवार दिसला. 'कोविड नसलेले' म्हणून लहान मुलांचे एक्स-रे घेतलेले होते आणि 'कोविड असलेले' म्हणून मोठ्या माणसांचे. मॉडेल कोविड शिकत नव्हतं, मूल आणि प्रौढ यांच्या छातीतला फरक शिकत होतं.

मॉडेल चांगलं असूनही काम बिघडतं, त्याचंही उदाहरण घे. गुगलने मधुमेहींच्या डोळ्यांतला दोष ओळखणारी यंत्रणा थायलंडमधल्या सरकारी दवाखान्यांत बसवली. प्रयोगशाळेत ती तज्ज्ञांच्या तोडीची होती. २०२० मध्ये आलेल्या ११ दवाखान्यांच्या अभ्यासात मात्र १,८३८ फोटोंपैकी २१ टक्के फोटो यंत्रणेने नाकारलेले दिसले. खोलीत पुरेसा अंधार नव्हता, फोटो नर्स काढत होत्या, इंटरनेट रखडत होतं. फोटो नाकारला गेला की रुग्णाला वेगळ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणच्या तज्ज्ञाकडे जावं लागायचं. त्या पेपरमध्ये नवं मॉडेल नाही. दवाखान्यात बसून केलेलं निरीक्षण आणि नर्सच्या मुलाखती आहेत. तरीही एआयवरच्या संशोधनात तो आवर्जून वाचला जातो. तू ज्याला 'एआय आणि समाज' म्हणतेस ते क्षेत्र नेमकं हे आहे: मॉडेल कोणासाठी चुकतं, का चुकतं, आणि त्याची किंमत कोण मोजतं.

म्हणून माझा आग्रह आहे की न्यूमोनिया सोडा. त्या संचावर आणखी एका प्रोजेक्टने कोणालाच काही नवं कळणार नाही. आशाताईंचं काम तू घरात रोज बघतेस, तिथला प्रश्न उचल. एक सुचवतो.

आशांच्या नोंदी हळूहळू मोबाइलवर जातायत आणि बोलून नोंद करण्याची सोय सगळीकडे येतेय. मराठी आवाजाचं लेखन करणारी खुली मॉडेलं आज फुकट मिळतात: ओपनएआयचं व्हिस्पर, आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारतची मॉडेलं. प्रश्न असा: घरी अहिराणी बोलणारी बाई मराठीत बोलते तेव्हा ही मॉडेलं, घरी प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाईच्या मानाने, जास्त चुकतात का? आणि कुठल्या शब्दांवर?

२० जणी घे. दहा घरी अहिराणी बोलणाऱ्या, दहा प्रमाण मराठी बोलणाऱ्या, वयोगट सारखा. प्रत्येकीची २० वाक्यं वाचून आणि १० आपल्या शब्दांत. नुसतं वाचून घेतलंस तर आकडे खोटे चांगले येतील, कारण वाचताना माणूस अडखळत नाही, 'म्हणजे', 'ते हे' म्हणत नाही. एकूण ६०० तुकडे, सरासरी पाच सेकंद धरले तर ५० मिनिटांचा आवाज. थोडा वाटतो, पण लिहून काढायला तासाला पाच-सहा तास सहज लागतात. साठ तुकडे ग्रुपमधल्या दोघांनी स्वतंत्रपणे लिहा आणि ताडून बघा. माणसामाणसांतच फरक पडत असेल तर आधी लिहिण्याचे नियम ठरवावे लागतील.

फोन सगळ्यांसाठी एकच, तोंडापासून अंतर एकच. एका गटाचं रेकॉर्डिंग अंगणात आणि दुसऱ्याचं खोलीत झालं, तर तू बोली मोजत नाहीस, कोंबड्यांचा आवाज मोजतेस. १६ किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नकोस, तिथे आवाज दाबला जातो. व्हिस्परला भाषा मराठी आहे हे सांगूनच चालव. भाषा ओळखायचं त्याच्यावर सोडलं तर ते हिंदी समजू शकतं, आणि लांब शांततेत तर न बोललेली वाक्यंही लिहितं. मॉडेल शिकवायचं नसून फक्त चालवायचं आहे, त्यामुळे गुगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवरचा फुकटचा जीपीयू, म्हणजे वेगवान गणना करणारा प्रोसेसर, पुरतो.

मोजमाप शब्दांच्या चुकांच्या दराने होतं: बदललेले, गळलेले आणि जास्तीचे शब्द मिळवायचे आणि मूळ शब्दसंख्येने भागायचं. 'उद्या सकाळी बाळाला लसीकरणाला घेऊन या' हे सहा शब्द. मॉडेलने 'लसीकरणाला'चं 'लस करण्याला' केलं तर एक शब्द बदलला, एक वाढला. दोन भागिले सहा, ३३ टक्के चूक. वाचणाऱ्याला अर्थ मात्र कळतो. आता 'जेवणानंतर रोज दोन गोळ्या घ्यायच्या' यात 'दोन'चं 'तीन' झालं. पाचात एक, चूक फक्त २० टक्के, आणि घोळ जिवावरचा. म्हणून सरासरी दरावर थांबू नकोस. आकडे, औषधांची नावं, तारखा आणि नकार यांतल्या चुका वेगळ्या मोज. तुझ्या प्रोजेक्टचा खरा माल तोच. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्दांचा दर उगाच फुगतो. जोडीला अक्षरांच्या चुकांचा दर दे. मोजण्याआधी '२' आणि 'दोन' एकसारखे करून घे, विरामचिन्हं काढून टाक.

शेवटी ६०० तुकडे म्हणजे ६०० स्वतंत्र पुरावे नव्हेत. एकेका बाईची सरासरी काढून दहा विरुद्ध दहा अशी तुलना कर. इतक्या लहान संख्येत दोन-तीन टक्क्यांच्या फरकावरून काही म्हणता येत नाही, हे अहवालात सरळ लिही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या वस्त्यांचा मोह आत्ता टाळ. तो वेगळा आणि मोठा अभ्यास आहे.

संमती लेखी हवी, मराठीत, एका पानावर: आवाज कशासाठी, कुठे ठेवणार, किती दिवस, नको म्हटलं तर पुसणार का. वाक्यं तू रचलेली असावीत. खऱ्या रुग्णाचं नाव, गाव, आजार काहीही रेकॉर्ड होता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हे भान सगळ्यांनाच ठेवावं लागतंय. शिवाय आईच्या सहकारी आहेत म्हणून त्यांना नाही म्हणणं अवघड जाईल. विचारायला आईला पाठवू नकोस. कॉलेजात एथिक्स कमिटी नसेल तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, एवढं तरी कर.

हे पदवीच्या विद्यार्थ्यांना झेपतं का? झेपतं. पुण्यात एल३क्यूब या गटाबरोबर इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये सुमारे १६ हजार मराठी ट्वीट हाताने वर्गीकृत करून खुली केली. मराठीवर काम करणारे आजही ती वापरतात.

पेपरचं सांगायचं तर, हजार-दोन हजार रुपये आणि आठ दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या 'इंटरनॅशनल जर्नल'मध्ये छापू नकोस. चांगल्या ठिकाणी प्रवेश देणारे प्राध्यापक ती नावं ओळखतात आणि नाराज होतात. यूजीसीने मान्य जर्नलांची आपली केअर यादी २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, त्यामुळे 'यादीत आहे' हा आधारही आता उरलेला नाही. नीट अहवाल आणि कोड गिटहबवर ठेव. आवाज मात्र संमतीपत्रात तसं लिहिलं असेल तरच. जमलं तर एसीएल किंवा ईएमएनएलपी या भाषातंत्रज्ञानाच्या परिषदांच्या कार्यशाळा, आयकॉन किंवा कॉड्स (पूर्वीची कॉड्स-कॉमॅड) ही भारतातली परिषद बघ. तिथून नाकारलं गेलं तरी परीक्षकांचे शेरे फुकट मिळतात.

आता पैसे, म्हणजे बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे. थेट पीएचडीचा विचार सोड. आधी एम.टेक. किंवा एमएस बाय रिसर्च कर. त्यासाठी गेट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची. २०२४ पासून गेटमध्ये डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे: ३ तास, ६५ प्रश्न, १०० गुण. प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा आणि कॅल्क्युलस कच्चं असेल तर तो जड जातो, आणि इंजिनीअरिंगची मुलं तिथेच मार खातात. तिसऱ्या वर्षापासून बसता येतं, गुण तीन वर्षं चालतात. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत. आयआयआयटी हैदराबादची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिथलं भाषातंत्रज्ञानाचं केंद्र तुझ्या विषयाला अगदी जवळचं. आयआयटी मुंबईत भारतीय भाषांचं केंद्र आहे आणि डिजिटल आरोग्याचं कोइटा केंद्रही. कोडपेक्षा माणसांकडे, धोरणाकडे ओढा वाढला तर आयआयआयटी बंगळूरचा डिजिटल सोसायटीचा अभ्यासक्रम बघ.

गेटवरून एम.टेक.ला गेलीस की महिना १२,४०० रुपये विद्यावेतन. त्यात जेमतेम स्वतःचं भागतं, घरी पाठवायला उरत नाही. पीएचडीला पहिली दोन वर्षं ३७,०००, पुढे ४२,०००, वसतिगृह नसेल तर घरभाडं वेगळं. पंतप्रधान संशोधन छात्रवृत्ती याहून बरीच मोठी, पण स्पर्धा तशीच. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी कुठे बसत असशील तर तिथल्या अधिछात्रवृत्त्याही आहेत. जागा आणि अटी बदलत राहतात, तेव्हा दरवेळी ताजी जाहिरात वाच. फक्त जास्त पगारासाठी पीएचडी करायची असेल तर करू नये, हेही स्पष्ट सांगतो. एम.टेक.नंतर नोकरी बरीच लवकर लागते.

म्हणून कॅम्पस प्लेसमेंटला बस. नोकरी मिळाली तर घेण्यात काही बिघडत नाही, फक्त सही करण्यापूर्वी बाँडची मुदत आणि रक्कम वाच. दोन वर्षांनीही गेटचे गुण चालतात. मधला रस्ताही आहे. आयआयटींमध्ये प्रकल्पांवर पगारी सहायक घेतात, मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर प्रयोगशाळेत रिसर्च फेलो म्हणून एक-दोन वर्षं काम करता येतं. संशोधन आपल्याला मानवतं का, हे पगार घेऊन तपासण्याची ही जागा.

८५ हजारांचा कोर्स नको. त्यातलं जवळपास सगळं आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर फुकट आहे, परीक्षा द्यायची तर विषयाला १,००० रुपये. त्या पैशांतून बरा लॅपटॉप येईल आणि गेटची फीही निघेल.

या सुट्टीत वाक्यं, संमतीपत्र आणि दोन जणींचं चाचणी रेकॉर्डिंग एवढं उरक. अहिराणी-मराठीच्या कामाचे पहिले आकडे हातात आले की या विषयातल्या तीन-चार प्राध्यापकांना ईमेल कर. सगळ्यांना एकच मजकूर नको. पाच-सहा ओळी पुरेत: तू कोण, त्यांचा कोणता पेपर वाचलास आणि त्यातली कोणती गोष्ट तुझ्या कामात अडली, तुझ्या अहवालाची लिंक, आणि नेमकं काय हवंय: उन्हाळ्यातली दोन महिन्यांची इंटर्नशिप की फक्त अभिप्राय. बायोडेटा एका पानाचा. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण कर, आणि मग पुढच्या नावाकडे वळ.